तरवड अंगणात आणताना

श्रावण सरत आला की बालाघाटाच्या उतारांवर तरवड पिवळा होऊ लागतो. लातूरहून अहमदपूरकडे किंवा नांदेडहून लोहा-कंधारकडे जाणाऱ्याला तो दिसल्याशिवाय राहत नाही. रस्त्याकडेला, शेताच्या धुऱ्यावर, मुरमाच्या खाणीच्या काठावर, जिथे कोणी पेरायला जात नाही अशा बरडावर तो उभा असतो. कंबरेएवढे, कुठे कुठे माणसाच्या उंचीचे झुडूप. काडीच्या दोन्ही अंगांना समोरासमोर लागलेली बारीक पाने आणि फांद्यांच्या टोकांना झुबक्यांनी आलेली गडद पिवळी फुले. या भागात वाढलेल्या माणसाला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. तरीही लातूर-नांदेडच्या घरांपुढच्या बागांत तो जवळजवळ कुठेच सापडत नाही. तिथे मादागास्करचा गुलमोहर आहे, ब्राझीलची बोगनवेल आहे आणि मे महिन्यात टँकरच्या पाण्यावर जगवलेली हिरवळ आहे. तरवडाला फाटकाच्या आत कसे आणायचे आणि का आणायचे, ते या प्रकरणात पाहू.

आधी पाण्याचे बोलू, कारण या दोन जिल्ह्यांत बागेची गोष्ट पाण्यापासूनच सुरू होते. 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूर शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली. 12 एप्रिलला पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात आली. तिच्या 10 टाक्यांमध्ये मिळून 5 लाख लिटर पाणी होते. पुढे पाऊस पडून निभाव लागेपर्यंत या गाड्या येत राहिल्या. ज्यांनी तो उन्हाळा काढला त्यांना पाण्याचा हिशेब शिकवायची गरज नाही, पण बागेचा हिशेब आपण सहसा मांडत नाही. कडक उन्हाळ्यात हिरवळीच्या एका चौरस मीटरला दिवसाला साधारण 5 लिटर पाणी लागते. म्हणजे 200 चौरस फुटांच्या छोट्या हिरवळीला रोज 90 लिटरच्या वर. शहरात एका माणसाला दिवसाला 135 लिटर पाणी मिळावे असा सरकारी निकष आहे. तेव्हा घरापुढचा गवताचा तुकडा एका माणसाच्या वाट्याचे जवळपास दोन-तृतीयांश पाणी पितो. मुळे जमिनीत बसलेल्या तरवडाला त्याच मे महिन्यात काहीच द्यावे लागत नाही.

तरवड हे साधतो कसे? सरळ खोल जाणारे सोटमूळ हे त्याचे पहिले बळ. वरचा हातभर थर वाळून भुगा झाला तरी खालच्या मुरमाच्या आणि खडकाच्या फटींत ओल असते, तिथपर्यंत ते मूळ पोचलेले असते. दुसरे बळ पानांत. एकेका पानावर आठ-दहा, कधी बारा जोड्या पर्णिका असतात, प्रत्येक पर्णिका नखापेक्षा थोडी मोठी. संध्याकाळी त्या मिटतात. फारच ओढ बसली तर झुडूप बरीचशी पाने टाकून देते आणि पहिल्या पावसानंतर पुन्हा फुटते. तोडले तरी बुंध्यातून धुमारे येतात. शिवाय गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. शेळ्यासुद्धा दुसरे काही असेल तर तरवडाच्या वाटेला जात नाहीत. म्हणून जिथे चराई जास्त झाली, गवत संपले, तिथे तरवड एकटा उरलेला दिसतो. त्यावरून काहींची समजूत होते की जमीन तरवडानेच खराब केली. ती जमीन आधीच उघडी पडलेली असते. तिच्यावर काही तग धरून असेल तर तो तरवड.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. तरवडाला शेंगा येतात, तेव्हा हरभऱ्या-तुरीप्रमाणे त्याच्याही मुळांवर गाठी असतील आणि हवेतले नत्र जमिनीत साठेल, असे बऱ्याच जणांना वाटते. तरवड ज्या सेन्ना गटातला, त्या गटातल्या वनस्पतींच्या मुळांवर अशा गाठी सहसा येत नाहीत. त्याच्या झडलेल्या पानांचे आच्छादन जमिनीला मिळते, तेवढा फायदा धरावा.

आता फुलाकडे वळू. तरवडाचे फूल मी कितीही वेळ पाहू शकतो, आणि वाचकांनीही एकदा सकाळी उन्हे वर यायच्या आत एका फुलापाशी थांबून पाहावे अशी माझी मनापासून विनंती आहे. फूल साधारण 5 सेंटिमीटर रुंद असते. पाच पाकळ्या, कडांना चुणीदार, त्यांवर नारिंगी शिरांची जाळी. मध्ये दहा पुंकेसर आहेत, पण दहाही सारखे नाहीत. वरचे तीन नुसते नावाला असतात, त्यांत परागकण धरत नाहीत. मधले आखूड असतात. खालचे लांब आणि बाकदार असतात. स्त्रीकेसर सरळ समोर न येता एका बाजूला वळलेला असतो. एका फुलात डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे. एकाच झुडपावर दोन्ही प्रकारची फुले असतात आणि ती शेजारी धरली तर एक फूल दुसऱ्याचे आरशातले रूप वाटते.

या फुलात मध नाही. थेंबभरही नाही. किड्यांना द्यायला त्याच्याकडे फक्त परागकण आहेत आणि तेही सहज मिळत नाहीत. बहुतेक फुलांचे परागकोश उभे चिरले जातात आणि परागकण उघड्यावर येतात. तरवडाचे परागकोश बंद नळ्यांसारखे असून त्यांच्या टोकाला फक्त बारीक भोक असते. तिथून परागकण बाहेर काढायचे तर परागकोश थरथरवावा लागतो. हे काम मोठा काळा भुंगा करतो, लाकूड पोखरून घर करणारा. तो फुलाला लोंबकळतो, मधले आखूड पुंकेसर पायांनी कवटाळतो, पंख स्थिर ठेवतो आणि छातीचे स्नायू जोरात थरथरवतो. उडताना त्याचा आवाज खर्जातला असतो. फुलावर बसल्यावर तो एकदम चढा होतो आणि मग तुटतो. तेवढ्या वेळात भोकांतून परागकणांची पिवळी फवारणी होते. आखूड पुंकेसरांतले परागकण भुंगा स्वतःसाठी गोळा करतो. त्याच वेळी लांब पुंकेसरांतले परागकण त्याच्या अंगाला अशा जागी चिकटतात जिथे त्याचे पाय सहज पोचत नाहीत. पुढच्या फुलातला उलट्या बाजूला वळलेला स्त्रीकेसर नेमका त्या जागी टेकतो. रिव्का डुलबर्गर या इस्रायली वनस्पतिशास्त्रज्ञाने 1981 मध्ये तरवडाच्या आणि त्याच्या एका आफ्रिकी भाऊबंदाच्या फुलांवर शोधनिबंध लिहिला, त्यात फुलाच्या या डाव्या-उजव्या रचनेचा आणि दोन तऱ्हेच्या पुंकेसरांचा अभ्यास आहे. आपल्या धुऱ्यावरच्या झुडपाकडे इतक्या दुरून कोणी इतक्या बारकाईने पाहिले, याचा मला आनंद वाटतो.

घरात शाळकरी मुले असतील तर त्यांच्या प्रयोगशाळेतला नादकाटा आणून पाहावा. तो वाजवून हळूच परागकोशाला टेकवला की भुंग्याशिवायही परागकण उडतात. आपली मधमाशी मात्र अशी थरथर करू शकत नाही. ती तरवडावर आलीच तर सांडलेले परागकण वेचून जाते. म्हणून ज्याला आपल्या तरवडाला शेंगा याव्यात असे वाटते त्याने भुंग्याची सोय पाहावी. बागेच्या कोपऱ्यात एखादा वाळलेला ओंडका किंवा जाड बांबूचे तुकडे राहू द्यावेत. भुंगा त्यात घर करतो. तो दिसायला दांडगा असला तरी डिवचल्याशिवाय माणसाच्या वाटेला जात नाही.

फुलात मध नसला तरी तरवडावर मुंग्या कायम दिसतात. पर्णिकांच्या जोड्यांच्या मध्ये, काडीवर, उभ्या बारीक ग्रंथी असतात आणि त्यांतून गोड रस पाझरतो. मुंग्या त्यासाठी येतात आणि येता-जाता पाने खाणाऱ्या किड्यांना हुसकावतात. पानाच्या तळाशी कानाच्या पाळीसारखी दोन गोल उपपर्णे असतात. त्या उपपर्णांवरून तरवड फुले नसतानाही ओळखता येतो. हे लक्षात ठेवावे, कारण पिवळ्या फुलांच्या झुडपांची गर्दी पुढे आपल्याला गोंधळात टाकणार आहे.

मराठवाड्यात तरवडाला अंगणात जागा नसली तरी देवघरात आहे. घटस्थापनेला वावरीवर घट बसतो आणि वरून रोज एक माळ सोडली जाते. छापील पुस्तिकांत कोणत्या दिवशी शेवंती, कोणत्या दिवशी आणखी काही, अशा याद्या असतात. गावाकडे मात्र त्या दिवसांत माळावर आणि वावरात जे फुललेले असते त्याची माळ होते, म्हणजे तरवडाची आणि कारळाची. माहूरच्या रेणुकेचा आणि तुळजापूरच्या भवानीचा हा प्रदेश. अश्विनात इथे देवीला पिवळे फूल लागते आणि अश्विनातच तरवड ऐन भरात असतो. सीमेच्या पलीकडेही तेच आहे. देगलूर, बिलोली, धर्माबाद ओलांडले की तरवडाचा तंगेडू होतो. भाद्रपद अमावस्येला, म्हणजे आपल्याकडे घट बसण्याच्या आदल्या दिवशी, तेलंगणात बतुकम्माचा सण सुरू होतो. ताटात तंगेडूची आणि कुरडूची फुले थरावर थर रचून त्यांचा उंच मनोरा करतात, बाया त्याभोवती फेर धरून गाणी म्हणतात आणि शेवटी तो पाण्यात सोडतात. 2014 मध्ये तेलंगण राज्य झाले आणि तंगेडू त्याचे राज्यफूल झाले. आपले राज्यफूल ताम्हण. ते सुंदर आहे यात शंका नाही, पण ते ओढ्याकाठचे, कोकणातल्या पावसाचे झाड आहे. 1948 पर्यंत नांदेड आणि निजामाबाद एकाच निजामी राज्यात होते. इतिहासाने मध्ये रेघ ओढली तरी माळ एकच आहे. आणखी दक्षिणेला, तमिळनाडूत, पोंगलच्या आधी दाराला कडुनिंबाबरोबर तरवडाची फुले बांधतात. श्रीलंकेत वाळवलेल्या फुलांचा चहासारखा काढा पितात, त्याला रणवरा म्हणतात.

तरवडाचा पूर्वीचा मोठा उपयोग कातडी कमावण्याचा. त्याच्या सालीत 15 ते 20 टक्के टॅनिन असते आणि दक्षिण भारतात कातडी कमावणाऱ्या कारागिरांचा तो मुख्य आधार होता. पुढे परदेशी वॉटलची साल आणि क्रोमची रासायनिक पद्धत आली आणि हा धंदा आटला. तरवडाच्या काडीचे दातवणही करत. आयुर्वेदात त्याला आवर्तकी म्हणतात आणि मधुमेहावरच्या काढ्यांत त्याची फुले, साल, बी येते. त्यावर संशोधन चालू आहे, पण चालू गोळ्या सोडून कोणी तरवडाचा काढा प्यावा असे मी सुचवणार नाही.

इथे एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. लातूर जिल्ह्याला देवणी गायीचा अभिमान आहे, नांदेडला लाल कंधारीचा. कमी चाऱ्यावर, कडक उन्हात टिकणारी ही जनावरे म्हणून त्यांची प्रदर्शने भरतात, जातिवंत वळूला किंमत येते. त्याच उन्हात, त्याच जमिनीवर घडलेल्या झाडझुडपांबद्दल मात्र आपण हा विचार करत नाही. अभ्यासकांनी आपले काम केलेले आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ व्ही. एन. नाईक यांनी 1979 मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याच्या वनस्पतींचा ग्रंथ काढला. लातूर तेव्हा त्याच जिल्ह्यात होते, वेगळा जिल्हा 1982 मध्ये झाला. 1998 मध्ये त्यांचा साऱ्या मराठवाड्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ आला. काय काय उगवते ते लिहून ठेवलेले आहे. रोपवाटिकांच्या वाफ्यांत मात्र त्यातले फार थोडे पोचले. विकत घ्यायला गेलात तर तरवडाचे रोप क्वचितच मिळेल. त्यामुळे ते बियांपासून करावे लागते, आणि तोच उत्तम मार्ग आहे.

आधी जागा निवडावी. तरवडाला दिवसाचे किमान सहा-सात तास थेट ऊन हवे. घराची पश्चिमेकडची किंवा दक्षिणेकडची बाजू, जिथे भिंत तापते आणि जास्वंदीची पाने करपतात, ती त्याच्यासाठी चांगली. सावलीत तो जगतो, पण उंच, किडकिडीत होतो आणि फुले धरत नाही.

जमिनीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. मुरमाड, दगडगोट्यांची, पाणी झरझर निघून जाणारी जमीन असेल तर काहीच करू नये. नव्या वसाहतींत भर म्हणून मुरूम टाकलेला असतो आणि लोक तो उकरून बाहेरून गाळाची माती आणतात. तरवडासाठी ती मेहनत वाया जाईल. सिमेंटचा राडारोडा आणि प्लास्टिक तेवढे काढावे. खरी अडचण भारी काळ्या मातीत येते. मांजरा-गोदावरीच्या खोऱ्यांतली ही माती कापसा-सोयाबीनला चांगली, पण भाद्रपदात ती चिबडते आणि तरवडाची मुळे कुजतात. यावर लोक एक उपाय हमखास करतात: दोन फुटांचा खड्डा घेऊन त्यात मुरूम भरतात. तो उलटा पडतो. चहूबाजूंच्या काळ्या मातीत पाणी मुरत नाही, ते मुरमाच्या मोकळ्या खड्ड्यात उतरते आणि तिथेच साचून राहते. खड्डा न घेता जमिनीच्या वर दीड फूट उंच आणि तीन-चार फूट रुंद असा मुरूम-मातीचा उंचवटा करावा आणि झुडूप त्याच्या माथ्यावर लावावे. मूळ खाली काळ्या मातीत आपला मार्ग काढते. बुंध्याशी पाणी थांबत नाही, एवढे पुरे.

शेणखत, युरिया, काहीही घालू नये. खत दिलेला तरवड पानांनी माजतो, फांद्या लांबतात आणि वाऱ्याने आडव्या होतात. सवयीने हात खताच्या पोत्याकडे जातो, तो आवरावा.

बिया पौष-माघात मिळतात. चपट्या, कागदासारख्या पातळ, तपकिरी शेंगा झुडपावरच वाळून खुळखुळू लागल्या की खुडाव्यात. एका शेंगेत डझनभर किंवा त्याहून जास्त बिया असतात, प्रत्येक बी आपापल्या खोबणीत. रस्त्याकडेच्या चार-सहा वेगवेगळ्या झुडपांवरून थोड्या थोड्या घ्याव्यात, एकच झुडूप ओरबाडू नये. माळावरचे रोप मात्र उपटून आणू नये. त्याचे सोटमूळ वर दिसणाऱ्या झुडपापेक्षा लांब असते, ते तुटते आणि रोप घरी येईपर्यंत मान टाकते. शिवाय माळ आधीच आटत चालले आहेत. मुरूम काढण्यासाठी, प्लॉट पाडण्यासाठी त्यांच्यावर यंत्रे फिरताहेत, आणि कागदोपत्री पडीक म्हटलेल्या जमिनीबद्दल कोणी हळहळत नाही. उरलेल्या झुडपांना तिथेच राहू द्यावे.

तरवडाची बी टणक असते. तशीच पेरली तर बरीचशी बी पहिल्या पावसात उगवत नाही, जमिनीत पडून राहते. घरी लवकर उगवण हवी असेल तर पाणी उकळून चुलीवरून उतरवावे, चार-पाच मिनिटे थांबून ते बियांवर ओतावे आणि रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी काही बिया फुगून दुप्पट झालेल्या दिसतील. त्या लगेच पेराव्यात. न फुगलेल्या बियांची एक कड खडबडीत दगडावर किंवा पॉलिश पेपरवर जरा घासून पुन्हा भिजत घालाव्यात. बीचे वरचे कवच खरवडले गेले की पाणी आत शिरते. घासताना ज्या टोकाला कोंब असतो, तिथे हात लावू नये.

पेरणी मृगात करावी, पहिला चांगला पाऊस होऊन वाफसा आल्यावर. जिथे झुडूप हवे तिथेच, बोटाच्या एका पेराएवढ्या खोलीवर, एका ठिकाणी तीन-चार बिया टोकाव्यात. आठवड्या-दोन आठवड्यांत कोंब वर येतात. वीतभर झाल्यावर एक जोमदार रोप ठेवून बाकीची कातरून टाकावीत. उपटली तर राहिलेल्याचे मूळ हलते. पिशवीतच रोपे करायची असतील तर उंच पिशवी घ्यावी आणि रोपे दोन महिन्यांची व्हायच्या आत जमिनीत लावावीत, म्हणजे मूळ गोल फिरून अडकत नाही. एकटे झुडूप लावायचे तर भोवती चार-पाच फूट मोकळे ठेवावे. कुंपणासारखी रांग हवी असेल तर तीन फुटांचे अंतर पुरते. गच्चीवर तरवड होतो, पण त्याला उथळ कुंडी चालत नाही. तळाला भोके पाडलेला खोल पिंप घ्यावा आणि तिथे उन्हाळ्यात अधूनमधून पाणी द्यावे लागेल हे धरून चालावे.

पहिले वर्ष तेवढे जपावे. पावसाळ्यात उघडीप लांबली तर आणि दिवाळीनंतर होळीपर्यंत दहा-बारा दिवसांनी एकदा, बादलीभर पाणी, हळूहळू, खोल मुरेल असे द्यावे. रोज तांब्याभर पाणी घालणे हा सगळ्यात वाईट प्रकार, त्याने मुळे वरच्या वर राहतात आणि उन्हाळ्यात झाड फसते. पहिल्या उन्हाळ्यातही हाच क्रम ठेवावा. बुंध्याभोवती दगडगोटे मांडले तर ओल टिकते. दुसऱ्या पावसाळ्यात फुले येऊ लागतात. तिसऱ्या उन्हाळ्यापासून पाणी बंद करावे. मे महिन्यात पारा 43-44 अंशांवर जाईल, झुडूप निम्मे उघडे पडेल, पाने फिकट दिसतील आणि घरातले कोणीतरी पाइप घेऊन धावेल. धावू देऊ नये. मेलेले आहे असे वाटले तर नखाने साल खरवडून पाहावी, आत हिरवे दिसते.

छाटणीला एकच वेळ योग्य: मे संपताना, मृगाच्या तोंडावर. फुले नव्या फुटीच्या टोकाला येतात, म्हणून जुन्या फांद्या निम्म्यावर कापल्या की पावसाबरोबर भरपूर धुमारे येतात आणि झुडूप भरगच्च होते. आषाढानंतर कात्री लावू नये, नाहीतर नवरात्रात माळेला फुले राहत नाहीत. माळेसाठी फुले सकाळी खुडावीत, देठासकट, फांद्या न मोडता.

पावसाळ्यात पाने कुरतडलेली दिसतील. हिरवट-पांढऱ्या रंगाची, भरभर उडणारी मॉटल्ड एमिग्रंट नावाची फुलपाखरे तरवडावर अंडी घालतात. त्यांच्या हिरव्या अळ्या पानांवर अशा बेमालूम बसतात की खाल्लेल्या कडेवरूनच त्यांचा माग लागतो. फवारणी करू नये. तरवड महिन्याभरात पाने भरून काढतो, आणि अंगणात फुलपाखरांची पिढी वाढते. औषध मारले तर भुंगाही जातो.

आता ते पिवळे गोंधळ. पावसात उगवणारा तरोटा, ज्याला काही ठिकाणी टाकळा म्हणतात आणि कोवळेपणी भाजी करतात, तो तरवडाचा भाऊबंद. पण तो एका हंगामाचा असतो, त्याची शेंग लांब आणि बारीक असते. कासविंदाही तसाच, पानाला उग्र वास येणारा. त्याच्या बिया विषारी असतात, मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. अमेरिकेहून आलेला आणि रस्त्याकडेला गाजर गवताच्या बरोबरीने पसरलेला लहान पिवळ्या फुलांचा आणखी एक सेन्ना आहे, तो तर मुळीच आणू नये. बी गोळा करताना कानाच्या पाळीसारखी उपपर्णे आणि चपटी, कागदी शेंग पाहावी. दोन्ही असतील तर तो तरवड.

सोबतीलाही इथलेच काही लावता येते. पायाशी निळ्या फुलांची विष्णुक्रांत पसरू द्यावी. ती बोटभर उंचीची असते आणि दगडांच्या फटींतून येते. काटेकोरांटी हिवाळ्यात फुलते, म्हणजे तरवडाचा भर ओसरल्यावर. कुरडूच्या बिया एकदा टाकल्या की दरवर्षी आपोआप येतात आणि तरवडाच्या पिवळ्याशेजारी त्याची गुलाबी-पांढरी कणसे फार शोभतात. तेलंगणातल्या बायांनी ही जोडी शतकानुशतके ताटात मांडली आहे. मोकळ्या जागेत कुसळी गवत सोडू नये, त्याची कुसळे कपड्यांत आणि कुत्र्याच्या अंगात शिरतात.

शेंगा घरी आणल्यावर दोन दिवस उन्हात ठेवून बिया काढाव्यात आणि एकेक निरखून घ्यावी. बारीक गोल भोक असलेली बी भुंगेऱ्याने पोखरलेली असते, ती वेगळी काढून जाळावी, नाहीतर बरणीतल्या बाकीच्यांनाही कीड लागते. चांगल्या बिया चाळलेल्या राखेत मिसळून काचेच्या बरणीत भराव्यात. कवच टणक असल्याने त्या काही वर्षे टिकतात. साऱ्या बिया एकाच मृगात पेरू नयेत. निम्म्या ठेवाव्यात. आपल्याकडे जूनमध्ये पाऊस पडतो आणि जुलै कोरडा जातो असे वर्ष कधीही येऊ शकते, आणि अशा वर्षी उगवलेली कोवळी रोपे वाळून जातात. माळावरचा तरवड स्वतः हेच करतो: त्याच्या काही बिया पहिल्या पावसात उगवतात, काही दुसऱ्या वर्षी, काही त्याच्याही पुढे. बरणीवर गावाचे नाव आणि वर्ष लिहून ठेवावे, म्हणजे शेजाऱ्याला मूठभर बिया देताना त्या औशाच्या माळावरच्या की कंधारच्या, हे सांगता येते.